कागदाची चांदणी आणि घरापासून लांबची मुलं

डिसेंबर लागला की वांद्र्याच्या गल्ल्यांत, वसईच्या वाड्यांत आणि गोव्यात घराघरांवर चांदण्या लटकायला लागतात. आता त्यातल्या बऱ्याचशा प्लास्टिकच्या असतात. आत एलईडीची माळ, प्लग लावला की काम झालं. पण आज मी तुम्हाला एका कागदाच्या चांदणीची गोष्ट सांगणार आहे. ती सुमारे २०० वर्षांपूर्वी एका शाळेत तयार झाली आणि ती करणारी मुलं आईबापांपासून हजारो मैल लांब होती.

जरा मागे जाऊ. साल १७२२. आजच्या चेक देशातला एक भाग म्हणजे मोरेव्हिया. तिथे प्रोटेस्टंट लोकांना आपला धर्म उघडपणे पाळता येत नव्हता. त्यातली काही कुटुंबं सीमा ओलांडून शेजारच्या सॅक्सनीत, म्हणजे आजच्या पूर्व जर्मनीत आली. तिथल्या काउंट त्सिंझेनडॉर्फ नावाच्या तरुण जमीनदाराने त्यांना आपल्या जमिनीवर राहायला जागा दिली. त्या वस्तीचं नाव हेर्नहूट. निर्वासितांचं गाव म्हणा ना! या लोकांना मोरेव्हियन म्हणतात.

गंमत बघा, स्वतः बेघर होऊन आलेल्या या लोकांनी दहाच वर्षांत जगभर माणसं पाठवायला सुरुवात केली. १७३२ मध्ये कॅरिबियन बेटांवर, १७३३ मध्ये ग्रीनलंडला. पुढे सुरीनाम, लॅब्राडोर, दक्षिण आफ्रिका. आपल्या देशातही ते आले. १८५६ मध्ये लाहौलमधल्या केलाँगला आणि १८८५ मध्ये लेहला त्यांनी ठाणं मांडलं. लेहमध्ये त्यांचं चर्च आणि शाळा आजही आहे.

पण या सगळ्याची एक किंमत होती, आणि ती मुलांनी मोजली. मिशनरी आईबाप आपल्या मुलांना साधारण सातव्या वर्षाच्या आसपास शिक्षणासाठी युरोपात परत पाठवायचे. हेर्नहूटजवळ नीस्की नावाचं गाव आहे. तिथे मोरेव्हियनांची मोठी निवासी शाळा होती. विचार करा, आई ग्रीनलंडमध्ये, मुलगा जर्मनीत. पत्र जहाजानं येणार, म्हणजे महिने लागणार. व्हिडिओ कॉल नाही, व्हॉइस नोट नाही. काही मुलांची आईबापांशी पुन्हा भेट झालीच नाही. लोकांचं भलं करायला निघालेल्या माणसांची स्वतःची पोरं हॉस्टेलच्या खिडकीत बसून वाट बघत होती. हे मला वाचताना फार टोचलं.

अशा शाळेत नाताळ कसा असेल? सगळ्यात जास्त घर आठवायचा दिवस तोच!

आणि इथेच आपली चांदणी येते. नीस्कीच्या शाळेत भूमिती शिकवताना मुलांकडून कागद आणि पुठ्ठ्याच्या घनाकृती करून घेत. त्यातूनच टोकदार चांदणी तयार झाली. १८२१ मध्ये तिथल्या मुलांच्या शाळेला ५० वर्षं झाली, तेव्हा तब्बल ११० टोकांची उजळलेली चांदणी लावली होती. मग मुलांचा रिवाजच पडला. नाताळच्या आधीच्या चार रविवारांपैकी पहिला आला की बसायचं, कागद कापायचा, टोकं चिकटवायची, आत दिवा ठेवायचा. सुट्टीत नातेवाइकांकडे गेली, मोठी होऊन संसाराला लागली, तेव्हा मुलांनी हा रिवाज सोबत नेला.

इंजिनिअर असल्यामुळे मला त्यातलं गणित सांगितल्याशिवाय राहवत नाही. आज जी चांदणी जास्त दिसते ती २६ बाजूंच्या घनाकृतीवर बांधलेली असते. त्यात १८ चौकोन आणि ८ त्रिकोण, सगळ्यांच्या कडा सारख्या. प्रत्येक बाजूवर एक टोक बसवायचं. फक्त एक चौकोन टांगण्यासाठी आणि दिव्यासाठी मोकळा ठेवायचा. म्हणजे १७ चौकोनी आणि ८ त्रिकोणी, एकूण २५ टोकं. कार्डपेपर, कात्री, पट्टी आणि गोंद, बस. आत छोटा एलईडीच लावा, मेणबत्ती नको. एका माणसाला पूर्ण संध्याकाळ लागेल. चौघं बसलात तर गप्पा मारता मारता होईल.

१८८० च्या सुमारास याच शाळेचा एक माजी विद्यार्थी, पीटर वेरबेक, आपल्या पुस्तकांच्या दुकानात या चांदण्या विकायला लागला. सोबत त्या कशा करायच्या याची कृतीही विकायचा. पुढे त्याच्या मुलाने कारखाना काढला. आजही हेर्नहूटची चांदणी सुट्या भागांत मिळते आणि घरी जोडावी लागते. विकत घेतली तरी हात लावावाच लागतो, हे मला आवडलं.

याच लोकांची अजून एक गोष्ट. १७४७ च्या डिसेंबरात जर्मनीतल्या मारियनबोर्न इथे त्यांच्या एका धर्मगुरूने नाताळच्या प्रार्थनेत प्रत्येक मुलाच्या हातात लाल फीत बांधलेली एक पेटती मेणबत्ती दिली. खर्च जवळजवळ शून्य. पण प्रत्येकाला एक! २२१ वर्षांनी, १९६८ मध्ये, इंग्लंडमधल्या चिल्ड्रन्स सोसायटी या संस्थेने ही कल्पना उचलली. एक संत्रं, त्याला लाल फीत, वर मेणबत्ती, चार काड्यांना सुका मेवा किंवा गोळ्या. मुलं ते घरी किंवा चर्चमध्ये करतात आणि त्या प्रार्थनेत जमणारे पैसे अडचणीतल्या मुलांसाठी जातात. त्याला क्रिस्टिंगल म्हणतात.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या चांदण्या थेट नीस्कीहून आल्या असा माझा दावा नाही. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ हे सामान आपल्या आकाशकंदिलाचंच. दिवाळीला कंदील करणारे हात नाताळला चांदणी करतात, इतकं साधं आहे ते. आणि गोव्यात नाताळला घरी केलेल्या नेवऱ्या, दोदोल ताटात भरून हिंदू शेजाऱ्यांकडे जातात, दिवाळीचा फराळ उलट दिशेने येतो. ताट रिकामं परत करायचं नसतं, हे तर आपल्या सगळ्यांच्या आयांनी शिकवलंय.

मला या इतिहासातून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. या सजावटी पैसे वाचवायला सुरू झाल्या नव्हत्या. कोणीतरी एकटं पडलेलं होतं आणि त्याच्या हाताला काम, सोबतीला माणसं मिळाली. चांदणी त्यातून उरलेली वस्तू आहे.

तुमच्याही पीजीत, हॉस्टेलवर, ऑफिसमध्ये कोणीतरी असेल, ज्याला या नाताळला रजा मिळाली नाही किंवा ज्याचं घर फार लांब आहे. नागालँडचा असेल, केरळचा असेल, वसईचाही असेल. २४ तारखेला संध्याकाळी कार्डपेपर घेऊन त्याच्या खोलीवर जा. चांदणी वाकडी झाली तरी चालेल, नीस्कीच्या पोरांच्याही सगळ्या काही सरळ झाल्या नसतील.

जमली तर फोटो पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि नाताळच्या खूप खूप शुभेच्छा!