मोगादिशूचें कापड

सोमाली वस्त्रें मूळचीं खंबायतेचीं, असें म्हणणारास बार्बोसाचा आधार मिळतो. सोळाव्या शतकाच्या आरंभीं खंबायतेचीं गलबतें मोगादिशूस कापड नेत, असें तो लिहितो. परंतु इ. स. १३३१ त तेथें उतरलेला इब्न बतूता सांगतो कीं, त्याच शहरीं होणारें व त्याच्याच नांवाचें अप्रतिम कापड मिसरापर्यंत जाई. सबब, विणकाम तेथीलच, असें आम्हांस वाटतें. मौज ही कीं, याच प्रवाशास तेथील शेखाकडून मिळालेल्या पोषाखांत सदरा व पागोटें मिसरी होतें! तेव्हां दरबारी पोषाखावरून मागाचें मूळ ठरवूं नये. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन मांजरपाट तेथें आला. तरीही बेनादिर किनाऱ्यावरील माग चालूच राहिले.