अजिंठा : आधी पडद्यावर, मग लेण्यात

हैदराबादच्या मराठी माणसाचे अजिंठ्याशी जुने नाते आहे. १९५६ पर्यंत ही लेणी हैदराबाद राज्यात होती. १९२० च्या सुमारास चित्रांच्या जतनासाठी इटलीहून तज्ज्ञ बोलावले गेले ते निजाम सरकारकडूनच. पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावरील चार भागांचा ग्रंथ सिद्ध केला. आपल्या मुलांना मात्र अजिंठा म्हणजे पाठ्यपुस्तकातले पद्मपाणीचे एक छोटे चित्र, एवढेच ठाऊक असते.

मी शाळेत इतिहास शिकवतो. सहल नेली तरी अंधाऱ्या लेण्यात मुलांना चित्रापुढे पाच मिनिटेही निवांत उभे राहता येत नाही. शिवाय गर्दीच्या श्वासातील दमटपणा या चित्रांना मानवत नाही. ती मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन, तो वाळल्यावर रंगवलेली आहेत. म्हणून मी इंटरनेटवरील चित्रे वर्गात पडद्यावर दाखवतो.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संकेतस्थळावर जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात केलेल्या प्रतिकृती पाहता येतात. त्याआधी १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे राबून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स यांच्याही अनेक प्रतिकृती १८८५ च्या आगीत गेल्या. ज्या वाचल्या, त्या आज आपला पुरावा आहेत.

मी जुनी प्रतिकृती आणि आजचे छायाचित्र शेजारी ठेवतो व मुलांना एवढेच विचारतो, "काय नाहीसे झाले?" मुले बोट, दागिना, अर्धा चेहरा शोधू लागतात. सव्वाशे-दीडशे वर्षांत काय हरवले, हे व्याख्यानाशिवाय कळते. मग सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातक, दहाव्यातील सहा सुळ्यांच्या हत्तीची कथा, अफगाणिस्तानातून आलेला निळा रंग असे विषय आपोआप निघतात. चीनमधील दुनहुआंगच्या ३० गुहा २०१६ पासून इंटरनेटवर खुल्या झाल्या आहेत. त्या दाखवल्या की बौद्ध चित्रकला किती दूरवर पोहोचली हेही उमगते.

एक पथ्य मात्र पाळावे. नेटवरील प्रत्येक चित्र खरे नसते, अनेकांचे रंग भडक केलेले असतात. लेण्याचा क्रमांक आणि चित्र कोणाच्या संग्रहातले, हे दिलेले असेल तेच वर्गात वापरावे.

पालकांना विनंती, या सुटीत मुलांसोबत ही चित्रे घरी पाहा. पब्लिक गार्डनमधील संग्रहालयातही अजिंठ्याच्या प्रतिकृती आहेत. नंतर अजिंठ्याला जाल, तेव्हा कुठे थांबायचे आणि काय पाहायचे हे तुमची मुलेच तुम्हाला सांगतील.