मेंब्रेनवरील जिवाणुथर

मेंब्रेनवरील जिवाणुथर : सांडपाणी गाळणाऱ्या मेंब्रेनवर जिवाणू चिकटून, वाढून आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करून जो सजीव लेप बनवतात तो. शुद्धीकरण केंद्रांत यालाच बायोफाउलिंग म्हणतात. मेंब्रेनवर चरबी, लोह, कॅल्शियमचे क्षार हेही साचतात. पण पाण्यातून जेवढे येतात तेवढेच साचतात. जिवाणूंचे तसे नाही. मोजके जिवाणू पोहोचले तरी पुरते, पुढची वाढ जागच्या जागी होते. आधीच्या टप्प्यांत पाणी कितीही नीट गाळले तरी हा थर पूर्णपणे टाळता येत नाही, तो याच कारणाने.

नव्या मेंब्रेनवर सांडपाणी सोडताच प्रथिने, बहुशर्करा आणि ह्यूमिक द्रव्ये यांचा पातळ लेप बसतो आणि त्यावर जिवाणू टेकतात. घट्ट बसले की ते बहुशर्करा, प्रथिने आणि पेशीबाहेरील डीएनए यांचा बुळबुळीत स्राव सोडू लागतात. थर वाळवून वजन केले तर पेशींचा वाटा थोडा आणि या स्रावाचा फार मोठा भरतो. बरेच दिवस न घासलेल्या कळशीच्या आतून बोट फिरवल्यावर जो बुळबुळीतपणा लागतो, तो याच जातीचा थर. मात्र कळशीतले पाणी उभे असते आणि मेंब्रेनमधून ते सतत ओढले जात असते. या ओढीबरोबर नवे जिवाणू आणि त्यांचे अन्न अखंडपणे पृष्ठभागाकडे येत राहते. म्हणजे गाळण्याची क्रियाच थराला पोसते. जितके जास्त पाणी ओढावे तितका थर जोमाने वाढतो.

सांडपाण्यात हा प्रश्न दोन ठिकाणी येतो आणि दोन्हीकडे त्याचे रूप वेगळे आहे.

पहिले ठिकाण म्हणजे मेंब्रेन बायोरिॲक्टर, म्हणजेच एमबीआर. यात जिवाणूंनी भरलेला सक्रिय गाळ पाण्यापासून वेगळा करण्याचे काम निवळण टाकीऐवजी मेंब्रेन करतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हे तंत्र आले तेव्हा गाळ टाकीबाहेरच्या मेंब्रेनमधून जोराने फिरवावा लागे आणि विजेचा खर्च परवडत नसे. १९८९ मध्ये जपानमध्ये काझुओ यामामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोकळ तंतूंचे मेंब्रेन थेट हवेच्या टाकीत बुडवून कमी दाबाच्या, अधूनमधून थांबणाऱ्या ओढीने पाणी काढून दाखवले. आजचे बहुतेक एमबीआर याच मार्गाने चालतात. त्यांच्या मेंब्रेनची छिद्रे साधारण ०.०४ ते ०.४ मायक्रॉनची असतात आणि जिवाणू बहुधा मायक्रॉनच्या आसपासचे, त्यामुळे ते पलीकडे जात नाहीत. पण टाकीत दर लिटरला ८ ते १२ ग्रॅम गाळ घोळत असतो. नेहमीच्या सक्रिय गाळ पद्धतीत हे प्रमाण २ ते ४ ग्रॅम असते. एवढ्या दाट गाळात मेंब्रेन स्वच्छ राहावा ही अपेक्षाच चुकीची आहे. तो किती काळ चालता राहतो, एवढेच पाहायचे असते.

एमबीआर ठरावीक प्रवाहावर चालवला, तर ते पाणी ओढायला लागणारा दाब सहसा तीन टप्प्यांनी चढतो. सुरुवातीला लेप बसताना थोडी वाढ, मग कित्येक दिवस किंवा आठवडे अगदी मंद चढ, आणि मग एकाएकी उडी. ही उडी नवख्या ऑपरेटरला गोंधळात टाकते, कारण पाण्यात काही बदललेले नसते. मेंब्रेनचा काही भाग बंद पडला की ठरलेले सगळे पाणी उरलेल्या भागातून जावे लागते. तिथला स्थानिक प्रवाह वाढतो, म्हणून तिथला थरही वेगाने वाढतो आणि तो भागही बंद पडतो. दाबाच्या आलेखावरचा मधला सपाट काळ निर्धोक दिसतो. खरे नुकसान त्याच काळात होत असते. ज्या मर्यादेखाली दाब जवळजवळ चढत नाही, ती ‘क्रिटिकल फ्लक्स’ची कल्पना रॉबर्ट फील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडली. एमबीआर दर चौरस मीटरला तासाला साधारण १५ ते २५ लिटर एवढ्यावरच चालवले जातात, त्यामागे हाच विचार आहे. सांडपाण्यात या मर्यादेखालीही थर हळूहळू बसतोच.

मेंब्रेनच्या खालून मोठे बुडबुडे सोडून तंतू हलते ठेवणे हा एमबीआरमधला रोजचा बचाव आहे. केंद्राच्या विजेचा मोठा वाटा त्यावर जातो. वीज वाचवण्यासाठी ही हवा बंद ठेवून पाण्याचा उपसा चालू ठेवणे यासारखी महागडी काटकसर दुसरी नाही: थर दबून घट्ट होतो आणि मग बुडबुड्यांनी सुटत नाही. गाळाची तब्येत तितकीच महत्त्वाची. जिवाणूंना एकाएकी जास्त अन्न मिळाले, गाळाचे वय फार कमी ठेवले किंवा पाणी गार पडले की गाळात विरघळलेली बहुशर्करा व प्रथिने वाढतात आणि मेंब्रेन लवकर तुंबतो. मेंब्रेनचा दोष म्हणून नोंदवलेल्या कितीतरी तक्रारींचे मूळ टाकीतल्या बिघडलेल्या गाळात असते.

दुसरे ठिकाण म्हणजे शुद्ध केलेले सांडपाणी पुन्हा वापरण्यासाठी लावलेला आरओ, म्हणजेच व्युत्क्रमी परासरण. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत समुद्राचे खारे पाणी भूजलात घुसू नये म्हणून शुद्ध केलेले सांडपाणी जमिनीत सोडणारे ‘वॉटर फॅक्टरी २१’ हे केंद्र १९७० च्या दशकात उभे राहिले. सांडपाण्यावर आरओ चालवण्याचे पहिले मोठे धडे इथे मिळाले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हॅरी रिजवे आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मेंब्रेनवर जमणाऱ्या जिवाणूंचा आणि ते मेंब्रेनच्या सेल्युलोज ॲसिटेटला कसे चिकटतात याचा बारकाईने अभ्यास केला. पुढे आलेले पॉलिॲमाइडचे पातळ मेंब्रेन कमी दाबात जास्त पाणी देत, पण मोकळ्या क्लोरिनने ते झिजत. त्यामुळे जिवाणूंवरचे सर्वांत स्वस्त औषध हातातून गेले. मधला मार्ग म्हणून पाण्यात अमोनिया ठेवून सौम्य क्लोरामाइन वापरण्याची रीत पडली. २००८ मध्ये त्याच परिसरात वॉटर फॅक्टरीची जागा घेणाऱ्या, आणि २०२३ च्या विस्तारानंतर दिवसाला सुमारे ४९ कोटी लिटर क्षमता असलेल्या, भूजल-भरण केंद्रात तसेच सिंगापूरच्या न्यूवॉटर केंद्रांत तीच रीत चालते.

आरओमध्ये थर दोन प्रकारे त्रास देतो. मेंब्रेनच्या पानांमध्ये पाणी वाहावे म्हणून जी प्लॅस्टिकची जाळी घातलेली असते, तिच्यावर जिवाणू बसले की पाणी आत ढकलायला जास्त दाब लागतो. नेदरलँड्समध्ये योहानेस व्रौवेनवेल्डर यांच्या कामातून या जाळीचे महत्त्व ठळक झाले. दुसरा त्रास अधिक छुपा आहे. २००७ मध्ये मोशे हर्झबर्ग व मेनाखेम एलिमेलेक यांनी दाखवले की जिवंत थरात क्षार अडकून राहतात, त्यामुळे मेंब्रेनलगतचा परासरण दाब वाढतो. पाणी कमी मिळते आणि पलीकडे जाणारे क्षार वाढतात.

धुण्याची वेळ आकड्यांवरून ठरवावी लागते. आरओमध्ये तापमान व दाबाचा हिशेब जमेस धरून पाणी १० टक्क्यांनी घटले, किंवा मोड्यूलच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक १५ टक्क्यांनी वाढला, की धुवावे असा उत्पादकांचा सर्वसाधारण सल्ला असतो. आधी कॉस्टिकचे कोमट द्रावण, मग आम्ल. एमबीआरमध्ये बॅकवॉश (उलट दिशेने पाणी सोडणे) किंवा थोडा विसावा दर काही मिनिटांनी, सौम्य रासायनिक धुणे साधारण आठवड्याला, आणि सोडियम हायपोक्लोराइट व सायट्रिक ॲसिड वापरून सविस्तर धुणे वर्षातून एक-दोनदा. आणखी उशीर केला तर थर दबून घट्ट होतो आणि मूळ प्रवाह परत मिळत नाही. फार वेळा, फार तीव्र धुतले तर मेंब्रेनच म्हातारा होतो.

जिवाणू मारले म्हणजे प्रश्न सुटला, ही समजूत सर्वांत खर्चीक आहे. समजा एका चौरस सेंटिमीटरवर १ कोटी जिवाणू आहेत आणि औषधाने त्यांतले ९९.९९ टक्के मेले. उरले १,०००. ते दर ६ तासांनी दुप्पट झाले तर साडेतीन दिवसांत आधीची संख्या ओलांडतात. मेलेल्यांचे शव आणि स्राव जागेवरच राहतात, उरलेल्यांना तेच खाद्य आणि तोच आसरा. शिवाय क्लोरिनसारखी ऑक्सिडकारके पाण्यातली मोठी, न पचणारी द्रव्ये तोडून जिवाणूंना पचतील अशी करतात. जर्मन शास्त्रज्ञ हान्स-कुर्ट फ्लेमिंग यांनी १९९० च्या दशकापासून सातत्याने हे बजावले: थर मारू नका, काढा, आणि त्याहून आधी त्याचे अन्न तोडा. प्रस्तुत नोंदीचे मतही तेच आहे. आरओच्या आधी चांगले जैविक शुद्धीकरण करून पचणारा कार्बन कमी करणे आणि फॉस्फेट अगदी अल्प ठेवणे, यातून मिळणारा फायदा कुठल्याही जंतुनाशकापेक्षा जास्त टिकतो.

गेल्या दोन दशकांत एक वेगळी वाट निघाली. अनेक जिवाणू रासायनिक संकेत सोडून आपली गर्दी किती झाली हे ओळखतात आणि पुरेशी गर्दी झाली की एकत्र स्राव सोडू लागतात. सोल राष्ट्रीय विद्यापीठातील चुंग-हाक ली यांच्या गटाने २००९ मध्ये एमबीआरमध्ये हे संकेत विकराने तोडून थर बसणे लांबवता येते हे दाखवले. पुढे याच कामासाठी त्यांनी ऱ्होडोकॉकस वंशातील बीएच४ हा जिवाणू मण्यांमध्ये कोंडून टाकीत सोडला. मणी संकेत मोडतात आणि हलता हलता मेंब्रेन घासतातही. अडचण अशी की हा उपाय मुख्यतः एकाच कुळातल्या संकेतांवर चालतो, आणि गावाच्या सांडपाण्यात जिवाणूंची कुळे असंख्य.

भारतात आता हा विषय प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. चेन्नईतील कोयंबेडू येथे २०१९ पासून दिवसाला ४.५ कोटी लिटर सांडपाणी आरओपर्यंत शुद्ध करून श्रीपेरुंबुदूर-ओरगडम पट्ट्यातील उद्योगांना देण्याची सोय आहे. मुंबईत ट्रॉम्बेच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्समध्ये शहराचे सांडपाणी आरओने शुद्ध करून कारखान्यात वापरले जाते. अशा केंद्रांचे अर्थकारण मेंब्रेन किती वर्षे टिकतो यावर उभे असते, म्हणून निविदेत नुसती उभारणीची किंमत न पाहता धुण्याचा, विजेचा आणि मेंब्रेन बदलण्याचा खर्च एकत्र पाहणे गरजेचे आहे.

सांडपाण्यावरचा आरओ मेंब्रेन सहसा पाच-सात वर्षांत आणि एमबीआरचा दहा वर्षांच्या आसपास बदलावा लागतो. काढलेले बहुतेक मेंब्रेन कचरा-भरावात जातात. आरओच्या जुन्या मेंब्रेनवरचा पॉलिॲमाइडचा थर हायपोक्लोराइटने मुद्दाम उतरवून उरलेला सच्छिद्र आधार अल्ट्राफिल्ट्रेशनसाठी पुन्हा वापरण्याचे प्रयोग झाले आहेत. असा मेंब्रेन क्षार अडवू शकत नाही; जिवाणू व गढूळपणा अडवतो.