माटुंग्याची टाकी आणि नागावची विहीर

हा भाग मी नागावच्या घरातून रेकॉर्ड केलाय, त्यामुळे मागे कोंबडा किंवा पाण्याचा पंप ऐकू आला तर समजून घ्या. विषय मैलापाण्याचा आहे. जेवत असाल तर आधी जेवून घ्या.

झालं असं की बाबांनी वाडीत पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. नारळी-पोफळीच्या मधोमध, छान दिसतात. गवंड्याने मागच्या बाजूला सेप्टिक टँक आणि शोषखड्डा करून दिला. गणपतीला घरी आलो तेव्हा मी सहज टेप लावली. शोषखड्डा ते आमची पिण्याची विहीर, अंतर ११ मीटर. भारतीय मानक म्हणतं किमान १८ मीटर हवं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, टाकी आहे ना? टाकीत सगळं साफ होतं."

हे 'टाकीत सगळं साफ होतं' आलं कुठून, ते शोधायला बसलो आणि पोचलो थेट माटुंग्याला.

१८९० मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने तिथे बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रम सुरू झाला. वडाळ्याचं आजचं ॲकवर्थ रुग्णालय ते हेच. नाव ओळखीचं वाटत असेल, तर शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापणारे ॲकवर्थसुद्धा हेच. एकच माणूस पोवाडे जमवतो आणि त्याच्याच आश्रमाच्या मैल्यावर जगाच्या इतिहासात जाईल असा प्रयोग होतो. मला तर गंमत वाटली.

प्रयोग केला पालिकेचे ड्रेनेज इंजिनियर सी. सी. जेम्स यांनी. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एक्झिटरला डोनाल्ड कॅमेरॉन यांनी झाकलेली टाकी बांधून तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिलं होतं. माटुंग्याच्या टाकीवर गॅस गोळा करायची सोय केली गेली आणि त्या गॅसवर इंजिन चाललं. साल सहसा १८९७ दिलं जातं. इंटरनेटवर मात्र 'मुंबईच्या कुष्ठाश्रमात १८५९ मध्ये पहिला बायोगॅस प्लांट' हे वाक्य सगळीकडे कॉपी-पेस्ट झालेलं दिसेल. आश्रमच १८९० चा, मग १८५९ कसं? कुणीतरी एकदा चुकीचा आकडा कमिट केला आणि नंतर कुणी रिव्ह्यूच केला नाही.

आता टाकीत होतं काय? जड मैला तळाशी बसतो, तेलकट भाग वर सायीसारखा तरंगतो, मधलं पाणी पुढे जातं. तळाच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जिवाणू काम करतात आणि त्यातून मिथेन निघतो. गरम हवेत हे जिवाणू जोरात असतात. पूर्वेकडच्या शहरांचा हिशोब वेगळा मांडायला हवा, हे जेम्स यांनी ओळखलं होतं. त्यांच्या पुस्तकाचं नावच 'ड्रेनेज प्रॉब्लेम्स ऑफ द ईस्ट' आहे.

हा हवामानाचा फरक आपल्या कायद्यातही शिरलाय. पाणी किती घाण आहे हे मोजायला ते बाटलीत बंद करून ठेवतात आणि जिवाणूंनी किती ऑक्सिजन खाल्ला ते बघतात. यालाच बीओडी म्हणतात. ब्रिटिश रॉयल कमिशनने पाच दिवसांची चाचणी रूढ केली आणि १९१२ मध्ये नदीत सोडायच्या पाण्यासाठी लिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. आपल्याकडे चाचणी तीन दिवसांची, २७ अंशांवर. सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत नदीसाठी मर्यादा ३०, समुद्रकिनाऱ्यासाठी १००. समुद्र मोठा आहे, मिसळून जाईल, असा त्यामागचा विचार. मुंबईसुद्धा वरळी आणि वांद्र्याहून साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांब बोगद्यांतून मैलापाणी आत समुद्रात सोडते.

पण बीओडी म्हणजे जंतू नव्हेत, आणि बाबांचा घोळ इथेच आहे. खरं तर बहुतेकांचा. टाकी अर्धंच काम करते. बाहेर पडणारं पाणी बऱ्यापैकी नितळ दिसतं, पण त्यात अमोनिया असतो आणि आतड्यातले जंतू असतात. उरलेलं काम मातीचं. खड्ड्याखालच्या कोरड्या मातीत हवा असते. तिथले वेगळे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, जंतू मातीच्या कणांना चिकटून मरतात. शहरातल्या प्लांटमध्ये हेच काम पंख्यांनी हवा फुंकून करतात आणि शेवटी क्लोरीन मारतात. ती रीत मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये मांडली.

आमच्या वाडीत पंखे नाहीत, आहे ती वाळू. वाळूतून पाणी सरसर उतरतं, गाळून निघायला वेळच मिळत नाही. पावसाळ्यात तर विहिरीचं पाणी हाताला लागेल इतकं वर येतं, म्हणजे खड्ड्याचा तळच भूजलात बुडतो. कोरडी माती उरलीच कुठे? आणि पर्यटक येतात नेमके शनिवार-रविवारी, एका दमात बारा-पंधरा माणसं. चार माणसांच्या हिशोबाची टाकी मग नुसती वाहती नळी होते.

विहिरीचं पाणी तपासायला दिलं. पिण्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे ई. कोलाय शून्य हवेत. आमच्यात सापडले. नायट्रेट ४५ च्या मर्यादेत होतं, एवढंच समाधान.

कागद बाबांसमोर ठेवला. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "तुझी आजी हेच पाणी प्यायची रे." मी म्हटलं, "बाबा, तेव्हा वाडीत संडासच नव्हता."

सध्या पाणी उकळून पितोय आणि पाहुण्यांना बाटल्या देतोय. पावसाळा संपला की नवा खड्डा रस्त्याच्या बाजूला, विहिरीपासून २४ मीटरवर. खोल नाही, उथळ आणि लांब चर, म्हणजे तळाखाली जमेल तेवढी कोरडी वाळू राहील. बाबांची एकच अट आहे, मधलं रायवळ आंब्याचं झाड तोडायचं नाही. चर त्याला वळसा घालून जाईल.