६१७४ : कापरेकर स्थिरांकाचा इतिहास आणि मूल्यमापनाचा प्रश्न

प्रस्तावना

विसाव्या शतकातील भारतीय गणिताचा इतिहास प्रामुख्याने विद्यापीठे व संशोधनसंस्था यांच्याभोवती लिहिला गेला आहे. या चौकटीबाहेर राहिलेल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांच्या कार्याचे मूल्यमापन कसे झाले, याचा विचार ६१७४ या संख्येच्या आधारे प्रस्तुत निबंधात केला आहे.

शोधाची पार्श्वभूमी

कापरेकरांचा जन्म डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण मात्र त्यांनी घेतले नाही. १९३० ते १९६२ या काळात ते देवळाली येथे शालेय शिक्षक होते. ६१७४ चा गुणधर्म त्यांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला आणि १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात त्यावर टिपण प्रसिद्ध केले.

गुणधर्माचे स्वरूप

सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून येणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि हीच क्रिया उत्तरावर पुन्हा करावी. उदाहरणार्थ, १९०५ पासून ९५१० – ०१५९ = ९३५१ मिळते. पुढे अनुक्रमे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वेळी ६१७४ येते. तेथे ७६४१ – १४६७ = ६१७४ असल्याने क्रिया स्थिरावते. सातपेक्षा अधिक पायऱ्या कधीही लागत नाहीत.

यात गूढ असे काही नाही. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड मानल्यास वजाबाकी ९९९(अ–ड) + ९०(ब–क) इतकी येते. त्यामुळे हजारो संख्या पहिल्याच पायरीत केवळ ५४ शक्यतांमध्ये सामावतात व त्या हाताने तपासता येतात. तीन अंकी संख्यांसाठी असाच ४९५ हा स्थिरांक आहे. दोन किंवा पाच अंकी संख्यांसाठी मात्र एकही नाही, तेथे आवर्तने मिळतात.

उपेक्षा आणि स्वीकार

कापरेकरांचे बरेचसे लेखन त्यांनी स्वतःच छापले किंवा ते दुय्यम नियतकालिकांतून आले. भारतीय गणितज्ञांनी आरंभी त्याची गांभीर्याने दखल घेतली नाही. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. तेव्हा त्यांच्या निवृत्तीला तेरा वर्षे झाली होती.

हा गुणधर्म दशमान पद्धतीवर अवलंबून आहे, हा आक्षेप रास्त आहे. पाया बदलताच स्थिरांक बदलतो किंवा नाहीसा होतो. परंतु कोणत्या पायात व किती अंकांसाठी स्थिरांक संभवतो, हा खरा गणिती प्रश्न याच अवलंबित्वातून निर्माण होतो. पुढील संशोधकांनी त्याचाच पाठपुरावा केला.

निष्कर्ष

६१७४ ला संख्यासिद्धांतातील मूलभूत सिद्धांताचे स्थान देणे अतिशयोक्तीचे ठरेल; केवळ मनोरंजन म्हणून ती बाजूला सारणेही अन्यायाचे होईल. येथे प्रश्न विचारणाऱ्याचे पद आधी पाहिले गेले आणि प्रश्न नंतर. पदवी व प्रकाशनस्थळ यांवरून संशोधनाचा दर्जा ठरवणाऱ्या आपल्या महाविद्यालयीन व्यवस्थेने या इतिहासाकडे म्हणूनच गांभीर्याने पाहणे आवश्यक आहे.