यंत्रांचे दुभाषी

संगणकाला नवे उपकरण जोडताच ते कामाला लागते, याचे आज कोणालाच नवल वाटत नाही. परंतु या साध्या घटनेमागे कित्येक दशकांचा खटाटोप आहे. छपाईयंत्राची भाषा संगणकाच्या मुख्य कार्यप्रणालीला उपजत कळत नाही. दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारी एक आज्ञावली लागते. तिलाच ड्रायव्हर म्हणतात. हा दुभाषी कोणी नेमायचा आणि कोणी पोसायचा, हाच या इतिहासातील कळीचा प्रश्न होय.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली आरंभ झालेल्या युनिक्स प्रणालीने प्रत्येक उपकरण फाईलच्या रूपाने दाखविण्याचा सुटसुटीत मार्ग काढला. पण नवा ड्रायव्हर घालावयाचा तर प्रणालीचा गाभाच पुन्हा बांधावा लागे. १९८३ च्या एमएस-डॉस २.० ने ड्रायव्हरचे नाव एका फाईलीत नोंदविण्याची सोय केली. तरीही संगणकाला हाक मारण्याचा क्रमांक प्रत्येक कार्डावर पुष्कळदा हातानेच ठरवावा लागे. दोन कार्डांनी एकच क्रमांक घेतला, की घोटाळा ठरलेलाच. १९८७ च्या मॅकिंटॉश टू या संगणकात कार्डे स्वतःची ओळख सांगू लागली. १९९५ साली विंडोजने तोच मार्ग धरला. १९९६ मध्ये यूएसबी आली, आणि जोडलेले उपकरण आपल्या निर्मात्याचा व स्वतःचा क्रमांक आपणहून कळवू लागले. तथापि २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात, बिल गेट्स यांच्या समक्ष, विंडोज ९८ ला स्कॅनर जोडला आणि पडदा निळा होऊन प्रणाली कोसळली!

पुढे ओळखीचा प्रश्न सुटला, दुभाष्याचा राहिला. विंडोजच्या परंपरेत ड्रायव्हर बहुधा उपकरणाचा निर्माताच पुरवितो. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली, तेव्हा नवे ड्रायव्हर न मिळाल्यामुळे अनेक धडधाकट उपकरणे तिच्यापुढे मुकी झाली. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्सने वेगळी वाट चोखाळली. तेथे बहुतेक ड्रायव्हर गाभ्याच्या सामाईक संहितेतच नांदतात. गाभ्याची अंतर्गत रचना जो बदलील, त्यानेच त्यांची डागडुजी करावी, असा दंडक आहे. त्यामुळे निर्मात्याने पाठ फिरविली तरी जुने यंत्र पुष्कळदा चालत राहते. मात्र निर्मात्याने यंत्राची माहिती गुप्त ठेवली, तर ही सामाईक मेहनतही अडखळते.

वस्तू घेणाऱ्याच्या घरी आली, तरी तिची भाषा जाणणारा दुभाषी विकणाऱ्याच्याच चाकरीत राहिला, तर ती मालकी अर्धीच म्हणावी लागेल.