कस्तुरीची हवेली आणि वाळ्याची ताटी

घरात निसर्गाचा गंध आणायची हौस आपल्या वऱ्हाडात नवी नाही. कारंजा लाड १९९८ पर्यंत आपल्याच अकोला जिल्ह्यात होतं. तिथल्या ‘कस्तुरीच्या हवेली’ची आख्यायिका तुम्ही ऐकली असेल: एका जैन सावकाराने व्यापाऱ्याची सगळी कस्तुरी विकत घेतली आणि बांधकामाच्या गाऱ्यात कालवली.

लहानपणी मला त्या घरातल्या बायकांचा हेवा वाटे. पुढे कळलं, कस्तुरी नर कस्तुरीमृगाच्या बेंबीजवळच्या ग्रंथीतून काढतात आणि तिच्यापायी हिमालयात शतकानुशतकं हे मुके जीव मारले गेले. सेनगण, बलात्कारगण, काष्ठासंघ अशी तीन मंदिरं असलेल्या गावात हे कुणालाच खुपलं नसेल का?

हिवरखेडच्या आमच्या मातीच्या घरात वैशाखात दाराला वाळ्याची ताटी लागे. सासूबाई तिच्यावर पाणी शिंपडत, तेही गाळलेलं आणि बेताचं. झळ ताटीतून येताना पाणी उडून जाई, हवा गार होई, ओसरीभर वास दरवळे. वाळाही मूळच, उपटताना जीव जातोच, हे त्या जाणून होत्या. म्हणून पावसाआधी ताटी झटकून, वाळवून माळ्यावर ठेवत आणि तीच तीन-तीन उन्हाळे पुरवत.